अर्ध्यानं

पंचायत समितीतून आलेला पोरगा विचारतो,
जात कोणती?
त्याच्या फॉर्मात तसा रकाना आहे.
मी सांदवाडीकडे बोट दाखवते.
तणसाच्या ढिगावर राखुंडी,
बोडीच्या पाळीवर कवडी,
आणि ती उघड्या मानेची, सगळ्यांना टोचत फिरणारी,
तिला आम्ही मास्तरीन म्हणतो.
नाव जुनं, कोंबडी नवी.
गावरान लिही, बाबू.
तो म्हणतो, गावरान म्हणजे जात नाही होत.
मग राहू दे रकाना रिकामा,
कोणीतरी अंडं घालेल त्यात.

त्याला काय काय सांगू?
धान चुरून झाला की खळ्यावरचा सांडलेला दाणा त्यांचा.
उधळीसाठी बांधावर गाडगं पालथं घालते,
आत ओलं तणस, मूठभर शेण;
सकाळी उचललं की आतून पांढरं वळवळतं.
पिल्लं माझा आवाज ओळखत नाहीत,
गाडग्याचा ओळखतात.

खुडूक बसली की खाली तेरा अंडी, चौदा नाही.
टोपलीत एक खिळा, एक कोळसा,
गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून.
करिष्मा हसते, बारावी सायन्सची.
पण रात्री वीज कडाडली
तर टॉर्च घेऊन तीच जाते,
खिळा जागेवर आहे का बघायला.

परवाच्या साली मानमोडी आली.
आधीची मास्तरीन अंगणात गोल गोल फिरली,
मान पाठीवर, चोच आभाळात,
वरून कोणी हाजरी घेत असल्यासारखी.
लस तालुक्याला होती, बर्फ नव्हता.
आठ दिवसांत बेचाळीस.
यांनी पळसाखाली खड्डा खणला,
चुना टाकला, कुदळ धुतली,
जेवायला बसले आणि उठले.
पहाटे किती आवाज असतो घराला
ते तेव्हा कळलं.
खुराड्याचं दार मी तरी रोज सांजेला लावत होते.
हाताला सवय.

मग योजनेतली पिल्लं आली, खोक्यातून.
वाढली झपझप, दिसायला देखणी.
घार फिरली की मान वर करून बघत राहायची,
पाहुणा आल्यासारखी.
अंडं घातलं की विसरायची.
त्यांचा दोष नाही,
त्यांना आई नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
नाला ओलांडून जैवंता मडावी आली.
लुगडं मांडीपर्यंत ओलं, डोक्यावर डालगं.
कधीकाळी तिला एक तलंग दिली होती मी, अर्ध्यानं:
कोंबडी माझी, राखण तिची, पिल्लं निम्मी निम्मी.
माझा वाटा मागायला जाणार होते,
तेवढ्यात तिचा नवरा मोहावरून पडला,
मग कोण कशाला मागतं.
नंतर मी विसरले.
ती नाही.

"तुह्या वाट्याच्या आनल्या, बाई.
सात हायेत.
बाकीच्या आमी खाल्ल्या, हिसाब नोको इचारजो."

डालगं उघडलं.
उघड्या मानेची एक बाहेर आली,
एक पाय उचलून जरा थांबली,
आणि सरळ चुलीमागच्या राखेत जाऊन
पंख पसरून लोळली,
जिथं हिची पणजी का खापरपणजी लोळायची.
मी जैवंताकडे पाहिलं.
ती म्हणाली, चाय ठेव.

पोरगा अजून उभाच, पेन उघडं.
संख्या तरी सांगा, मावशी.
थांब, दिवस बुडू दे.
बाभळीवरच्या खाली उतरतील,
तणसातल्या निघतील,
एखादी लपून कुठं अंडी घालत असेल
ती पण येईल उशिरा, चोरासारखी.
आत शिरताना मोजू.

आणि जेवढ्या भरतील
त्यातल्या निम्म्या जैवंताच्या नावानं लिही.