लेस सुटली

पहाटे पोलीस परेड ग्राउंडवर
हजारो माणसं जागच्या जागी उड्या मारत होती
आणि आपण दोघं त्यात,
भलत्याच लग्नात चुकून पंगतीला बसल्यासारखे.
तू माझ्या छातीवरचा नंबर सरळ केलास.
चार सेफ्टी पिना.
चौथी बनियनमध्येच अडकली.
"राहू दे," मी म्हणालो, "बंदूक उडाली."

पोवई नाक्यापर्यंत मी तुझ्या पुढं होतो.
हे लिहून ठेवतो,
नंतर कुणी मानायचं नाही.
राजवाड्याशी तुझ्या जुन्या वर्गातला एकजण,
आता मिशी आलेला,
कठड्यावर चढून ओरडला,
"बाई, पळा! सरांना राहू द्या!"
आणि मी खरंच राहिलो.

समर्थ मंदिरापाशी रस्ता मान वर करतो.
तिथून पुढं यवतेश्वरचा घाट
म्हणजे सरकारी कचेरीचा जिना:
प्रत्येक मजल्यावर वाटतं हाच शेवटचा,
आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी सांगतं, वर जा.

मी अठ्ठावीस वर्षं कोषागारात बसून काढली.
माझ्या पोटऱ्यांना ठाऊक काय,
तर टेबलाखालचा अंधार.
तू ठोसेघरच्या बाजूच्या शाळांवर,
एसटी चुकली की चालत,
डबा, छत्री आणि तपासलेल्या वह्यांचं ओझं घेऊन.
चढ दिसला की तुझा श्वास त्याला ओळख देतो.
माझा श्वास आधी नाव विचारतो,
मग गाव,
मग खाली बसतो.

पहिल्या मोठ्या वळणावर तू वाकलेली दिसलीस.
"लेस सुटली."
मी पोचेपर्यंत बांधून झाली होती.
पुढच्या वळणावर पुन्हा.
त्याच्या पुढच्यावर पुन्हा.
खाली सगळा सातारा धुक्यात बुडालेला,
अजिंक्यताऱ्याचा तेवढा माथा वर
आणि त्यावरचा टॉवर, विसरलेल्या काडीसारखा.
"चांगली लेस घ्यायची ना,"
मी म्हणालो, तीन हप्त्यांत.
"बोलू नकोस. दम जाईल."

परत फिरायच्या खुणेपाशी
एका पोरीनं तळहातावर मीठ ठेवलं.
मी चाटून मोकळा झालो,
तुला विचारायचं राहिलं.
तू केळं मोडलंस
आणि मोठा तुकडा माझ्याकडं केलास.

उतारावर मात्र मी शहाणा.
वजनाचा एक फायदा असतो,
ते आपलं आपण घरी जायला निघतं.
पण तुझा उजवा गुडघा,
बाथरूममधल्या त्या पडण्यापासून,
उतार दिसला की कुरकुरतो
आणि तू ओठ आत घेतेस.
मी पुढं जाऊ शकलो असतो.
आठ मिनिटं तरी, हिशोबाचा माणूस आहे मी.
सबब सुचेना.
माझ्या बुटांना लेस नाही, पट्टा आहे.
"लघवीला लागली," म्हणालो,
आणि कठड्यापलीकडं जाऊन
कारवीच्या झुडपांकडं बघत उगाच उभा राहिलो,
शंभर आकडे मोजून.
तू हळूहळू पुढं, मग मी गाठायचो.
तीनदा.
तिसऱ्यांदा म्हणालीस, "डॉक्टरला दाखव."

शेवटी ग्राउंडवर तू माझं कोपर धरलंस.
धरलंस म्हणजे चिमटीत पकडलंस,
मंडईत पिशवीचा कान पकडतात तसं.
कुणीतरी गळ्यात मेडल घातलं.
ते थंड होतं, एवढंच आठवतं.

गोडोलीत घरी आल्यावर
तू खुर्चीत, पाय स्टुलावर, डोळे मिटलेले.
तुला वाकवेना,
म्हणून मी जमिनीवर बसलो.
लेसची गाठ दुहेरी.
वर आणखी एक.
धुक्यानं भिजून, फुगून, दगड झालेली,
पहाटे चारला बांधलेली.
दोन्ही पायांना तशीच.
नखांनी सुटेना.
शेवटी बनियनमधली ती चौथी पिन काढली
आणि एकेक पदर उकलत बसलो.

"उद्या डॉक्टरची वेळ घेते," तू म्हणालीस,
डोळे न उघडता.
"घे," मी म्हणालो.