डुगडुग, मध्यम

झुल्मिराने बोलावलं तेव्हा यादी तिनेच करून ठेवली होती:
सावल्या काढ, काचेमागचा तो धूसरपणा काढ,
तो घन काढ, चार डेस्कटॉप चार भिंतींना चिकटवून
भोवऱ्यासारखा फिरणारा.
"बाबांना काय करायचंय ते?
मशीन म्हातारं, माणूस म्हातारा,
दोघांनाही धाप लागते."

पेलोतासचा जून. वारा दाराच्या फटीतून
चपला न काढता आत आलेला.
आन्सेल्मो कडू हिरवा चहा पीत होते,
भोपळ्याचा तुंबा दोन्ही हातांत धरून.
दोन्ही का, ते मला नंतर कळलं.

मी सेटिंग्ज उघडल्या.
अशा घरांत मी डॉक्टरीण नसते, शिंपीण असते:
इथे चिमटा, तिथे उसवण.
सावली बारा पिक्सेलची, आणली चारवर.
धूसरपणा गेला, पंख्याने सुस्कारा सोडला.
मिनिमाइझ केली की खिडकी
बाटलीत उतरणाऱ्या धुरासारखी खाली ओढली जायची;
तिथे साधं विरणं ठेवलं, दीडशे मिलिसेकंद,
पापणी लवते तेवढं.
घन शेवटचा एकदा फिरवून पाहिला.
(खरं सांगते, दोनदा.)
तिसऱ्या भिंतीवर काहीच नव्हतं, नुसता निळा रंग.

आख्खा कंपोझिटरच बंद केला, म्हटलं बघू तरी.
तर पान वर सरकवताना अक्षरं कमरेत चिरायला लागली,
धड आधी पोचे, पाय मागाहून.
परत चालू केला.

मग आली डुगडुग.
खिडकी धरून ओढली की जेलीसारखी लचकते,
सोडली की हिंदकळते, मग गप्प होते.
सगळ्या खेळण्यांत हे खेळणं
मी नेहमी पहिलं काढते. आज कसं राहिलं कोण जाणे.
बाण टिकेवर नेला.

"ते राहू दे."
तासाभरात पहिल्यांदाच बोलले.
"बाबा, पोरखेळ आहे तो," झुल्मिरा.
त्यांनी तुंबा खाली ठेवला,
माऊस हातात घेतला,

आणि बाण थरथरला,
दोरीवरच्या मुंगीला वारा लागावा तसा.
त्यांनी खिडकी पकडली, डावीकडे नेली.
ती डुलली, तिच्या कडा वाकल्या,
आणि त्या डुलण्यात त्यांची थरथर
कुठे मिसळली, मला दाखवता येणार नाही.
मी टीक काढली. "आता ओढा."
आता खिडकी ताठ.
आणि ताठ खिडकीने त्यांचा हात
जसाच्या तसा सांगून टाकला,
वर्गातल्या चहाडखोर पोरासारखा.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी होड्यांवर नावं रंगवली,
लगूनच्या काठी, होडी पाण्यात असतानाच.
"ओढून वर घ्यायला कोळ्यांना वेळ कुठला?
होडी हलायची, मी हलायचो, मध्ये ब्रश.
आरची शेपटी बरोबर जिथल्या तिथे यायची.
जमिनीवरच्या पाट्या मात्र
मला कधी साधल्या नाहीत."

झुल्मिराने यादीच्या कागदाची घडी घातली,
मग त्या घडीची घडी.

आम्ही दोघं स्लायडरपुढे बसलो.
कडकपणा किती? ओढ किती? आवर किती?
जास्त केलं तर खिडकी दारुड्यासारखी
चारी बाजूंना धडका देते,
कमी केलं की पुन्हा चहाडखोर.
"अजून थोडं. नाही, मागे घे.
हां.
वारा पडता पडता एवढंच हलतं पाणी."

सेव्ह केलं.
पंख्याला पुन्हा धाप लागली होती.
मी त्याचा धुरळा काढला, थेंबभर तेल सोडलं,
त्याचे पैसे लावले नाहीत.