उतरती यादी

हंगाम संपला की आठवड्याभरात
मी खेळाडूंची उतरती यादी करतो.
कुणी सांगितलेलं नाही.
एकतीस वर्षं कागद-गिरणीच्या काट्यावर बसलो,
ट्रक भरलेला किती, रिकामा किती,
वजा करून उरेल तेवढंच खरं.
ती खोड हाताला लागून राहिली आहे.

टेबलावर अठ्ठावन्न सामन्यांची वही,
खोडरबर, आर्डिसने सोललेली सफरचंदं.
ती विचारते, "यंदा शेवटचा कोण?"
तिला नेहमी खालूनच वाचायचं असतं.

शेवटचा, तेविसावा: लेस्टर ओक्विस्ट.
अख्ख्या उन्हाळ्यात एकदाच बॅट हातात आली,
चारही बॉल लांबून गेले, हा चालत पहिल्या बेसवर.
म्हणजे शंभरपैकी शंभर टक्के,
स्टेलर्स बेंडमध्ये हे आजवर कुणाला जमलेलं नाही!
आर्डिस हसते. लेस्टरही हसेल.
बाकीचे दिवस त्याने बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडल्या
आणि पिचरांची भांडणं सोडवली.
त्याला माझ्या वहीत रकाना नाही.

पहिला पेगेरो, त्यात वाद नाही.
एकोणीस होम रन, त्यातली एक
लुथरन चर्चच्या आवारात,
थेट पाद्रीबाईंच्या गाडीच्या काचेवर.
भरपाई क्लबने केली.
ती मी वजा धरलेली नाही.

अडतं ते तिसऱ्यावर आणि सातव्यावर.

एकोणीस जून, सहावी इनिंग, दोन बाद.
चेंडू सरपटत शॉर्टस्टॉपकडे गेला,
कू श्याँग वाकला,
आणि चेंडू त्याच्या खांद्यावरून उडाला.
मी लिहिलं: चूक, श्याँग.
मागोमाग तीन धावा. चूक कूची ठरली, म्हणून
त्या पिचरच्या, ब्रॅन्डवॉल्डच्या, खात्यावर चढल्या नाहीत.

ऊन डोळ्यांवर होतं, असं मी सगळ्यांना सांगतो.

पण इनिंग संपल्यावर कूने जमिनीवरून काहीतरी उचललं,
पाहिलं, मागच्या खिशात टाकलं.
वर माझ्या खिडकीकडे बघितलं नाही.
खडा होता. बोराएवढा.
तो मला स्वच्छ दिसला; ऊन तोवर
पाण्याच्या टाकीमागे गेलं होतं.
निकाल बदलायला नियमाने एक दिवस मिळतो.
त्या दिवशी मी अंगणातलं गवत कापलं.

तेवढा एक खडा हिशेबात धरला
तर कू सातव्याचा चौथा होतो
आणि ब्रॅन्डवॉल्ड तिसऱ्याचा आठवा.
ब्रॅन्डवॉल्डला वरच्या लीगचं पत्र आलंय,
त्याच्या आईने फ्रिजवर लावलंय.
कू पहाटे जिनसेंगच्या वाफ्यांत असतो,
काळ्या जाळीखाली, आईबापांसोबत,
एक मूळ काढायला चार वर्षं थांबतात ती माणसं.
त्याला कसली घाई, असं मी स्वतःला समजावतो.
दुसऱ्याच्या धीरावर उदार होणं
किती सोपं.

गिरणीत मर्विन नावाचा ड्रायव्हर होता.
भरलेला ट्रक तोलताना
काट्यावर हळूच एक पाय टेकवायचा.
मीच पकडला त्याला. मीच सही केली.

आर्डिस झोपायला गेली. सफरचंदं काळी पडली.
जूनच्या पानावर मोहरीचा डाग आहे,
मी रबर त्याच्यावरच घासत बसलो.

यादी होती तशीच उतरवली
आणि हार्डवेअरच्या दुकानाच्या काचेवर लावली.

शनिवारी कू बिजागऱ्या घ्यायला आला.
काचेवर बोट फिरवत वरून खाली मोजलं.
"सातवा?" म्हणाला. "मला वाटलं, नववा-दहावा असेन."
माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला.
मग विचारलं, पितळी बिजागऱ्या कुठे असतात?
दुकान माझं नाही. मला ठाऊकही नव्हतं.
तरी मी एकेक खण उघडून
शोधत राहिलो.