कर्मणी प्रयोग

उद्यमबागेत, ओतकामाच्या भट्ट्यांमधून वाट काढत
तीन महिन्यांतून एकदा मला न्यायला गाडी येते.
सदस्य, प्राणी नैतिकता समिती:
श्रीमती कालिंदी हुंदरे,
निवृत्त मराठी शिक्षिका, शहापूर.
कायद्याला म्हणे विज्ञानाबाहेरचं एक माणूस लागतं.
चहा, काजू, कुंद्याचा डबा, मानधनाचं पाकीट.

फॉर्म इंग्रजीत, दारावरची पाटी कन्नडात,
आणि भरमा तळवार सशांशी बोलतो
ते या दोन्हींत नाही.

अठरा ससे. फरशी पुसायचं द्रावण, लिंबाच्या वासाचं.
एका डोळ्यात थेंब, दुसरा डोळा तुलनेला.
ससाच का, मी पहिल्या बैठकीत विचारलं होतं.
‘त्याच्या डोळ्याला पाणी कमी येतं, मॅडम,
थेंब वाहून जात नाही.’
मी मान डोलावली होती,
वर्गात बरोबर उत्तर आल्यासारखी.

शेवटच्या रकान्यात असतं: सॅक्रिफाइस्ड.
बळी दिले. कुणाला?
भरमाला विचारलं, तू काय म्हणतोस रे याला?
तो पिंजऱ्याची कडी पुसत राहिला.
‘कळिसिबिट्टे म्हणतो की. पाठवून दिलं.’
कुठं, ते त्यानं सांगितलं नाही.

चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं:
ससा मारला गेला. कर्मणी प्रयोग.
बाई, कर्ता कुठाय? मागच्या बाकावरचं पोर विचारायचं.
कर्ता इथं लागत नाही, बस खाली.

या वेळी विषय क्रमांक सात.
सुप्रीता हंपण्णावर, नुकतीच लागलेली, आवाज जरा कापरा,
टेबलावर ठेवते चोवीस खळग्यांची एक थाळी.
खळग्याखळग्यात माणसाच्या पेशींचा पातळ पापुद्रा,
बुबुळावर असतो तसा.
‘सर, यावर थेंब टाकला तरी कळतं.
चार नंबरच्या खोलीत आपण करतोच.’
शानभाग साहेब हसतात.
‘ते युरोपच्या मालाला.
त्यांना बाटलीवर उडी मारणारा ससा छापायचा असतो.
या पार्टीनं मागितलेलं नाही.’

म्हणजे भिंत एकच.
अलीकडे थाळी, पलीकडे ससे.

माझा हात डाव्या दंडावर गेला.
देवीचे दोन व्रण, जुन्या चार आण्याएवढे.
व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली मी रोज सकाळी फिरते.
तिथं वासरांच्या पोटावर लस धरायचे, म्हणतात.
कुठल्या तरी वासराचं काहीतरी माझ्या दंडात आहे,
आणि मी एकाहत्तर वर्षांची आहे.
हे मी कुणाशी कसं बोलू?
तेव्हा थाळी नव्हती.
तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं, मी सहा महिन्यांची.

पेन पुढं आलं.
अकरा बैठकांत मी सही केली.
मी सही केली: आज पहिल्यांदा दिसलं,
क्रियापद सहीच्या मागं जातं, माझ्या नाही.
वाक्यात मी असूनसुद्धा.

सहीच्या जागी मराठीत लिहिलं,
मी विचारते, शेजारच्या खोलीत थाळी असताना
ससा कशाला?

आठवड्यानं इतिवृत्त आलं.
‘एका सदस्याकडून भाषेविषयी शंका उपस्थित करण्यात आली.
विषय क्रमांक सात तहकूब.’

रात्री भरमाचा फोन.
‘हायत की बाई, अठराच्या अठरा.
एकजण जरा शिंकतंय.’