कलम सतरा, पोटकलम चार

कंत्राटाच्या एकशे बाराव्या पानावर
ते एकच वाक्य आहे, खाली शेठची सही:
'हद्दीतील जलवाहिन्या, वीजखांब, तारा
व तत्सम सर्व बाबींचा समन्वय
कंत्राटदाराने स्वखर्चाने करावा.'
तत्सम म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही.

मुरमाला दर आहे, खडीला आहे,
झाड तोडायलाही आहे, घेरानुसार.
समन्वय घनमीटरात मोजत नाहीत.
बिलात त्याची ओळ नाही.
तो मी मोबाईलवर करतो,
फाट्यावरच्या पानठेल्याला टेकून,
तिथे दोन काड्या रेंज येते.

महावितरणचे तायडे म्हणतात, आधी इस्टिमेट भरा.
पाणीपुरवठ्याच्या बाई म्हणतात, नकाशा ग्रामपंचायतीकडे.
ग्रामसेवक म्हणतात, नकाशा पाणीपुरवठ्याकडे,
आणि माझ्याकडे तीन गावं आहेत, बुधवारी या.
केबल कंपनीचा माणूस
नागपूरहून निघालाय.
मंगळवारपासून निघालाय.

दिवस संपले. उशिराला मात्र दर आहे, रोजचा.
शेठ फोनवर म्हणाला, खोद.

अकरा वाजून दहा मिनिटांनी
शाळेसमोर पोकलेनच्या दातात पाईप करकरला.
पाणी आधी लाल आलं, मग पांढरं, मग उंच.
वर्ग खिडकीत जमला.
ऑपरेटर मुन्नेलाल बकेट हवेत धरून
माझ्याकडे बघत राहिला,
जणू पुढचं मला पाठ आहे.

कुणीतरी ओरडलं, लहानूले बोलवा.

लहानू नेवारे, पंचायतीचा नळवाला.
सायकलच्या दांडीला हातभर लोखंडी चावी बांधलेली.
कुणाला काही न विचारता कडुनिंबाशी गेला,
पाठ खोडाला टेकवली, चालू लागला.
एकवीस. बावीस.
टाचेनं माती उकरली. व्हॉल्व्ह.

पाणी बसलं तेव्हा विचारलं, तुम्हाला कसं माहीत?
"म्याच गाडला ना जी, अठ्ठ्याण्णव साली.
आमाले कोनी इचारलंच नाही."

संध्याकाळी पाईप जोडून झाल्यावर त्याला म्हटलं, सगळं दाखवा.
तो पुढे, मी मागे चुन्याची फक्की सोडत:
गुजरीपर्यंत सदुसष्ट, तिथून चक्कीकडे तिरपं,
"इथं खालून तार आहे, बावा, हळू,"
सोनटक्क्यांच्या गोठ्याखालून चौदा.
"गोठा मागून झाला. पाईप पयले होता."

टेप लावला. पाऊल बासष्ट सेंटिमीटर,
चढावर अठ्ठावन्न.
गुडघा धरल्यापासून कमी भरते, म्हणाला,
निंबापासून तवा एकोनीसच होते.
मग मला तेव्हाचं पाऊल कळावं म्हणून
एक लांब टाकून दाखवलं,
आणि पडता पडता माझा खांदा धरला.

रात्री साइट ऑफिसात नकाशा काढला.
कोपऱ्यात लिहिलं: एक पाऊल = ६२ सें.मी., चढ वगळून.
माहितीचा स्रोत, या रकान्यात: ल. नेवारे.
तिन्ही ऑफिसांना पाठवला, पोच घेऊन.

तो परत आला नवव्या दिवशी.
शेरा: स्रोत अधिकृत नाही.
सोबत दुसरं पत्र, फुटलेल्या पाईपचा खर्च
देयकातून वळता करण्याबाबत.
त्यावर तिन्ही ऑफिसांच्या सह्या होत्या,
एकाच तारखेच्या.

लहानूला सांगितलं. तो हसला नाही.
"एक झेरॉक्स मले द्या."
तुम्हाला कशाला, तुमचं तर पाठ आहे.
"आता आहे तं. पोरगं चाकणले, कंपनीत.
उद्या त्याले कोनी इचारलं तं?"

चार घड्या घातल्या,
चावीच्या फडक्यात गुंडाळून दांडीला बांधला.
परवा शाळेमागं खोदायचं आहे.
येतो म्हणाला,
खालच्या आळीची पाळी सोडून,
साडेआठच्या आत नाही.