नाक

नांदेडच्या वजिराबादेत मे महिना
दुकानाच्या पत्र्यावरच मुक्कामाला.
काडेपेटी उंबऱ्याबाहेर, मोबाइल गल्ल्यात.
टेबलावर एका वेळी एकच डबा.
"हिला धूर नाही म्हणून गरीब समजू नको,"
मक्खनसिंग म्हणतात.
ज्या डब्यातली, त्याच डब्यात परत;
चिठ्ठी नसलेली कुणाचीच नाही.

मग झाकण काढून हुंगायचं,
लोणचं उतरलं का बघावं तसं.
दवाखान्याचा वास, तर चांगली.
आंबूस आला, तांबूस भुकटी दिसली,
तर हात मागे.

आज ते झाकण धरून थांबले.
मागच्या तापापासून
त्यांना साधी फोडणीही कळत नाही.
"तू बघ."

मी वाकलो.
"दवाखाना," म्हटलं.
ते डब्याकडे नाही,
माझ्याकडे बघत राहिले.
मग झाकण लावलं,
आणि पुन्हा दाबलं.