उतारा क्रमांक दोन

हॅलिफॅक्सच्या इस्पितळाचं धुलाईघर तळघरात आहे.
रात्री दोनला चौथं यंत्र पिळायला लागतं
तेव्हा माझ्याकडे अकरा मिनिटं असतात.
अकरा मिनिटांत एक कडवं पाठ होतं,
जाड ब्लँकेटं असली तर दीड.

त्रेपन्नाव्या वर्षी परीक्षा.
डेरेक म्हणाला, आता कशाला गं हेझल,
कवितेनं काय पेन्शन वाढणारे?
मी म्हटलं, तुझी कबुतरं कुठे कामाला जातात?
गप्प बसला.
दुसऱ्या दिवशी त्यानंच माझ्या टिपणांना
प्लास्टिकची वेष्टनं आणली, वाफेसाठी.

अभ्यासक्रमाला दोन कप्पे:
निसर्ग एकीकडे, समाजावरची टीका दुसरीकडे,
जशा आमच्याकडे पांढऱ्या पिशव्या आणि लाल.
एकत्र गेल्या की बोंब.

कवितेत मात्र सगळं एकाच पाण्यात.
ज्या खोऱ्यात धुकं उतरतं
त्याच खोऱ्यात पाचला गिरणीची घंटा.
कवी डोंगरावर उभा राहून छाती भरून श्वास घेतो,
खाली तुटलेलं सूत जोडणारं सात वर्षांचं पोर
जो श्वास घेतं त्यात लोकर असते.
पुस्तकामागे मजुरांची एक यादी आहे.
तीत तीन ॲकरॉइड.
माझं माहेरचं आडनाव.
हे काही परीक्षेत विचारणार नाहीत.

उतारा क्रमांक दोन.
मेंढरांच्या वाटेवर एक बाई बसलेली.
कवी थांबतो. आठ ओळी तिच्या चेहऱ्यावर,
बारा ओळी स्वतःच्या काळजावर,
मग ऊन पडतं आणि तो चालू लागतो.
समासात मी पेन्सिलीनं लिहिलं:
नाव विचारायला काय झालं होतं?
संध्याकाळच्या वर्गाचे प्रॉक्टरसर, भला माणूस,
खाली हिरव्या शाईत:
"प्रश्न रास्त. पण उत्तरात पुरावा लागतो, राग नाही."

त्या रात्री चादरींकडे बघत बसले.
रोज चारशे माणसं माझ्या हातांखालून जातात,
घाम, रक्त, सांडलेलं सूप.
मी तरी कुणाचं नाव विचारलंय?
समासातलं वाक्य खोडलं.
मग परत लिहिलं, जरा बारीक अक्षरात.
भांडण काही मिटलं नाही,
पण तेव्हापासून मी कवीला
अहो म्हणायची ते अरे म्हणू लागले.

परीक्षेला पाळीवरून थेट गेले.
शाळेची व्यायामशाळा, दोरखंड भिंतीला गुंडाळलेले,
शेजारी सतरा वर्षांचा पोरगा नखं खात होता,
त्याला पुदिन्याची गोळी दिली.
माझ्या बोटांना ब्लीचचा वास.
उत्तरपत्रिकेवर ठळक सूचना:
नाव कुठेही लिहू नये. फक्त आसन क्रमांक.

हसले तर पर्यवेक्षिकेनं वर पाहिलं.

तीन हजार एक्केचाळीस, नीट लिहिलं.
मग पहिलं वाक्य:
त्या वाटेवर बसलेल्या बाईचे कपडे ओले असणार.
थांबले.
पुरावा?
चौथी ओळ. गवतावर दव.
अरे, तूच तर लिहिलंयस.